तिकीट बंद, तक्रार चालूच : आयटी सपोर्टमधले १४ महिने

एका आयटी सपोर्ट कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर १४ महिने काढून मागच्या महिन्यात राजीनामा दिला. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात लिहायला बसले असते तर भरभरून कौतुक केलं असतं, म्हणून मुद्दाम आता लिहितेय.

ट्रेनिंग खरंच चांगलं होतं. इन्सिडंट आणि प्रॉब्लेम यांतला फरक मी तिथेच शिकले. सेवा बंद पडली की ती लवकरात लवकर सुरू करून द्यायची, हे इन्सिडंटचं काम. ती पुन्हा पुन्हा का बंद पडते याच्या मुळाशी जायचं, ते प्रॉब्लेमचं. आयटिल नावाची ही पद्धत ब्रिटिश सरकारच्या सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सीने १९८०च्या दशकात बांधायला घेतली, आणि आज सपोर्टमधल्या बहुतेक कंपन्या तिचीच भाषा बोलतात. आमचीही बोलायची. पण १४ महिन्यांत आमच्या टीमला एकही प्रॉब्लेम तिकीट (तिकीट म्हणजे तक्रारीची सिस्टिममधली नोंद) उघडू दिलं नाही. माझी मूळ तक्रार हीच आहे, बाकीचं सगळं तिच्यातून आलं.

एक प्रसंग सांगते. क्लायंटच्या अकाउंट्स विभागातल्या एका बाईंचं लॉगिन सारखं लॉक व्हायचं. फोन यायचा, आम्ही दोन मिनिटांत अनलॉक करायचो, तिकीट बंद. दोन तासांनी पुन्हा तेच. चौथ्या वेळी फोन माझ्याकडे आला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला झाला होता, कारण महिनाअखेर होती आणि काम खोळंबलं होतं. मी विचारलं, पासवर्ड कधी बदललात? तीन दिवसांपूर्वी. म्हणजे जुना पासवर्ड कुठेतरी सेव्ह होऊन पडला होता आणि तिथून चुकीचे प्रयत्न होत होते. अकाउंट लॉक झालं की डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे सगळ्यांची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद पडते, आणि कोणत्या मशीनवरून ते घडलं त्याचं नावही तिथे असतं. आम्हाला तो लॉग बघायची परवानगी नव्हती. सर्व्हर टीममधल्या मित्राला गळ घातली, नाव मिळालं : मीटिंग रूममधला कॉम्प्युटर. तिथे नेटवर्क ड्राइव्हसाठी त्यांचा जुना पासवर्ड साठवलेला होता. तो काढला आणि विषय संपला. एकूण ३५ मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर स्क्रीनवर माझं नाव लाल रंगात. सरासरी कॉल वेळ वाढली होती. लीड म्हणाले, "तुझं काम अनलॉक करून तिकीट बंद करणं आहे, तपास करणं नाही." आधीच्या तीन तिकिटांचे आकडे मात्र उत्तम होते, प्रत्येकी दोन मिनिटं. त्यांच्या हिशेबात तीनदा परत आलेला फोन म्हणजे तीन यशस्वी कामं, आणि कायमचा मिटलेला त्रास म्हणजे एक लाल खूण. त्या दिवशी मी घरी जाऊन खूप चिडले. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, आतून लाल. एसएलएचं, म्हणजे क्लायंटला कबूल केलेल्या वेळेचं, घड्याळ थांबवायला तिकीट 'युजरच्या उत्तराची प्रतीक्षा' या स्थितीत टाकायचं, ही तर रोजची गोष्ट. तीनदा संपर्क करूनही उत्तर आलं नाही की तिकीट बंद करता यायचं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम फोन लावायला सांगायचे. मीही लावलेत. महिनाअखेरीचा रिपोर्ट बघून क्लायंटचे अधिकारी खूश, आणि त्यांचेच कर्मचारी आमच्या नावाने बोटं मोडतायत.

मोठा बिघाड झाला की आरसीएची मीटिंग व्हायची. मूळ कारण शोधायची ती मीटिंग, पण पहिला प्रश्न 'कोणी केलं?' हाच असायचा. एका सहकाऱ्याने तिकिटाच्या वर्क नोट्समध्ये प्रामाणिकपणे लिहिलं होतं की सर्व्हिस आपणच रीस्टार्ट केली. तेच वाक्य त्याच्याविरुद्ध वाचून दाखवलं. तेव्हापासून कोणी नोट्स धड लिहिनासं झालं. रात्रपाळीला हँडओव्हरमध्ये 'तपास चालू' एवढे दोन शब्द मिळायचे, आणि पहाटे तीनला आम्ही शून्यापासून सुरुवात करायचो.

रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, आदल्या दिवशी संध्याकाळी यायचं. रात्रपाळी संपवून त्याच दिवशी दुपारच्या शिफ्टला बोलावल्याचंही दोनदा झालं. मंजूर झालेली रजा ऐन वेळी रद्द होणं नेहमीचं.

माणसं मात्र सोन्यासारखी. आम्ही पाच जणांनी मिळून नेहमीच्या अडचणींच्या आमच्या नोंदी तयार केल्या होत्या. ते काम कोणाच्या मूल्यमापनात धरलं गेलं नाही, तरी नव्याने येणारा प्रत्येक जण त्यातूनच शिकला.

फ्रेशर असाल तर अशा ठिकाणी सहा महिन्यांत भरपूर शिकाल, यात शंका नाही. पण मुलाखतीत तीन गोष्टी विचाराच : गेल्या तिमाहीत किती प्रॉब्लेम तिकिटं उघडली, रोस्टर किती दिवस आधी मिळतं, आणि पुन्हा उघडलेलं तिकीट मोजतात का. मी राजीनाम्यानंतर दोन ठिकाणी हे विचारलं. एका ठिकाणी विषय बदलला. दुसऱ्या ठिकाणच्या मॅनेजरनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून प्रॉब्लेम तिकिटांची यादी दाखवली, त्यातली दोन आठ महिने रखडली आहेत हेही स्वतःहून सांगितलं. पुढच्या सोमवारी मी तिथे रुजू होतेय.