खरकट्यावरचा बायोगॅस: दोन पावसाळे वापरून

गुहागरात आमची घरगुती खानावळ. सीझनला दुपारी चाळीसेक पानं उठतात. उष्टं, खरवड, माशांची डोकी, सगळं मागच्या खड्ड्यात जायचं आणि रात्री रानडुकरं यायची. मे महिन्यात वासाने मागच्या पडवीत कोणी बसेना, तेव्हा हा बायोगॅस घेतला. बसवून २६ हजार पडले.

पाण्याच्या दोन प्लास्टिक टाक्या, मोठीत छोटी उपडी घातलेली. गॅस झाला की वरची उचलते. हा प्रकार मूळ पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा, डॉ. आनंद कर्वे यांचा. त्याला २००६ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. आमचा त्यांच्याकडचा नव्हे, त्याच धर्तीचा, एका विक्रेत्याकडून घेतलेला. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेलं, त्यामुळे गोबरगॅसला ते पाट्यांनी लागतं. शिळा भात, पोळी, फुटका आंबा यांचा गॅस थोडक्यात होतो. सुरुवातीला विरजणापुरतं शेण घातलं, तीन आठवड्यांनी शेगडी पेटली.

पेटली म्हणजे काय, निरांजनासारखी! विक्रेत्याने साधाच बर्नर दिला होता. या गॅसला दाब कमी, त्यामुळे बर्नरच्या जेटचं, म्हणजे गॅस जिथून सुटतो त्या तोटीचं, भोक मोठं लागतं. तीन फोन झाल्यावर माणूस आला. दाब वाढवायला वरच्या टाकीवर एक दगडी चिरा ठेवायची युक्ती मात्र आमच्या गवंड्याची. तेव्हापासून ज्योत निळी.

“काहीही टाका हो काकू,” असं विक्रेता म्हणाला होता. ते खोटं. आमच्याकडे सोलकढी रोजची. आमसुलांचा चोथा, वर ताकाचं उरलंसुरलं, असं आठवडाभर टाकलं आणि टाकीच आंबली. गॅस बंद, वास असा की शेजारच्या वहिनी बोलायच्या राहिल्या. पोटाला आम्लपित्त होतं ना, तसंच. खाणं बंद ठेवलं, दोनदा शेणकाला घातला, थोडी चुन्याची निवळी दिली, तेव्हा बाराव्या दिवशी गाडी रुळावर आली. आता नारळाचा चोथाही बेतानेच.

पाण्याचं म्हणाल तर खरकट्याइतकंच पाणी लागतं, आणि मेमध्ये आमची विहीर तळाला जाते. त्यावर तोडगा म्हणजे तांदळाचं धुवण, आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणीच पुन्हा कालवायला घ्यायचं. उरलेलं केळी-पोफळींना जातं. केळीचा घड यंदा दोघांनी उचलावा लागला, हे मी गॅसच्याही आधी सांगते.

गॅस उन्हाळ्यात तासभर पुरतो: सकाळचा चहा आणि डाळ. आषाढ-श्रावणात थंडाव्याने निम्मा. सिलिंडर सुटला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या नळीला जाळी लावून घ्या, आम्हाला डासांनी शिकवलं.

यंत्राला पाचपैकी चार, विक्रेत्याला दोन. लिंबाची सालं नि आमसुलं अजून खड्ड्यातच जातात. डुकरं येऊन हुंगतात आणि तशीच परत जातात.