७ए, ५बी, मग ५ए: दहा महिने काड्या बदलल्यावर हाताला काय लागलं

गेल्या मार्चमध्ये पहिली जोडी घेतली, आत्ता सोलापूरची गड्ड्याची जत्रा संपली, म्हणजे धरा दहा महिने. एवढ्यात ड्रमस्टिकच्या सहा जोड्या हातातून गेल्या, दोन मोडल्या, एक रागानं मित्राला देऊन टाकली, आणि आत्ता जी वापरतोय ती खरं तर पहिल्याच दिवशी घ्यायला पाहिजे होती. लिहिणं लांबलंय जरा, पण स्टिक घ्यायची असेल तर वाचा, हजार-पाचशे वाचतील.

आधी माझं सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतंय का ते कळेल. दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, शनिवार-रविवार आणि लगीनसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो, निम्मी गाणी ऑक्टोपॅडवर (रबरी पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य), निम्मी ड्रमसेटवर. त्याआधी दहा-बारा वर्षं गणपतीत ताशा. आणि हात लहान. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर, कॉलेजात कीपिंगचे ग्लोव्हज मला पोरांच्या मापाचे लागायचे, अजून चिडवतात त्यावरून.

तर दुकानदारानं हात बघितला आणि म्हणला, साहेब तुमचा हात बारीक, ७ए घ्या. मलाही पटलं. लहान पायाला लहान चप्पल, तसं लहान हाताला बारीक काडी. इथंच सगळं चुकलं.

ज्यांना हे नंबर माहीत नाहीत त्यांच्यासाठी, आकडा जितका मोठा तितकी काडी बारीक, उलटा हिशोब आहे. अक्षरांचं असं सांगतात की ए म्हणजे ऑर्केस्ट्रा, बी म्हणजे बँड, एस म्हणजे स्ट्रीट, रस्त्यावरच्या मिरवणुकीची. तिकडचा ऑर्केस्ट्रा म्हणजे व्हायोलिनवाले सूटबूट, आपला म्हणजे हळदीचा स्टेज आणि समोर नाचणारी अर्धी गल्ली, त्यामुळं त्या अक्षरावर जास्त विश्वास ठेवू नका. शिवाय एका कंपनीची ५ए आणि दुसरीची ५ए अगदी सेम नसते.

७ए चे पहिले पंधरा दिवस झकास गेले. हलकी, पळते, हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, बारीक काम छान येतं, ऑक्टोपॅडवर तर लोणी. मग एप्रिल लागला. सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते मी सांगायला नको, हॉलमधले पंखे गरम हवाच फिरवतात, तळहाताला घाम, आणि ती गुळगुळीत पॉलिशची बारीक काडी हातातून निसटायला लागली. निसटू नये म्हणून मी घट्ट धरायला लागलो. हे आपण करतोय हे आपल्याला कळतसुद्धा नाही. दोन तासांच्या प्रोग्रॅमनंतर अंगठ्याच्या बुडाशी असं दुखायचं की गाडीचा क्लच दाबताना कळ यायची. तर्जनीच्या मधल्या पेराच्या आतल्या बाजूला फोड आला, फुटला, परत आला, आता तिथं घट्टा आहे कायमचा. आणि आवाज? काडीत वजनच नाही तर मोठ्या गाण्यात सगळी ताकद हातानं लावायची. एका हळदीला रिमशॉट (ड्रमचं पान आणि त्याची कडा, म्हणजे रिम, एकदम मारायचा ठोका) मारताना उजवी काडी खांद्यातून, म्हणजे टोकाच्या अलीकडं निमुळती होते तिथून, गेली, अर्धा तुकडा ढोलकीवाल्याच्या मांडीवर. तो म्हणला, "का बे, आता मला मारतो का?"

तिथून मी दुसऱ्या टोकाला गेलो. एका मित्राकडं ओकची ५बी होती, ती घेतली. पहिल्या गाण्याला वाटलं हेच ते. स्नेअरला (सेटमधला मधला करकरीत ड्रम) असा भरीव ठोका की आमचे अण्णा, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारे, त्यांनी वळून बघितलं. आणखी एक फरक कळला जो मला कुणी सांगितला नव्हता, क्रॉस-स्टिकचा. सावकाश गाण्यात काडी उलटी धरून स्नेअरवर आडवी ठेवून रिमवर टॉक टॉक वाजवतो ना, ते जाड बुडाच्या काडीनं लाकडासारखं गोल येतं, ७ए नं नुसतं टिक टिक यायचं, घड्याळासारखं. पण पाचव्या-सहाव्या गाण्याला मनगट भरून यायचं. ओक घट्ट आणि जड असतं, टिकतं भरपूर, पण क्रॅशच्या झांजेवर मारलं की झिणझिणी थेट कोपरापर्यंत जाते, निदान माझ्या तरी. सहा फुटी गडी असेल आणि रॉक वाजवत असेल तर त्याला चालेल.

बरेच जण सांगतात जड काडीनं रियाज करा, स्टेजवर हलकी घ्या, हात पळतो. मी महिनाभर केलं. हात पळाला नाही, उलट स्टेजवर दोन गाणी जायची हलक्या काडीचा उसळण्याचा अंदाज यायला. आमचे ड्रम शिकवणारे सर तर यावर भडकतातच, म्हणतात जड काडीनं मनगट कमावशील पण बोटं झोपतील. काहींना फायदा होत असेल, मला नाही झाला.

आता खरी गंमत. कारखान्यातल्या फिटरकडं व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) होता, एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तीन काड्या घेऊन गेलो. भाकरी सोडून तो पण बघायला लागला. ७ए भरली १३.७ मिलिमीटर, दुसरी एक ५ए होती ती १४.४, ५बी १५.१. म्हणजे एका नंबरातनं दुसऱ्यात जायला पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही! फिटर म्हणला एवढ्यासाठी रडतोयस होय, एवढं तर आमच्या बेअरिंगमध्ये खपून जातं. मी घरी येऊन बायकोच्या किचनच्या काट्यावर वजन केलं तेव्हा उजेड पडला. ७ए ४२ ग्रॅम, ५बी ६१. जाडीत दीड मिलिमीटरचा पण फरक नाही आणि वजनात जवळजवळ दीडपट. आणि एका लोकल जोडीतली एक काडी ४७ आणि दुसरी ५४ निघाली, एकाच पाकिटातल्या! डावा हात मागं पडतो म्हणून मी दोन महिने स्वतःला शिव्या घालत होतो, तर जड काडी डावीकडं होती. कंपनीचं नाव घेत नाही, नशीब माझं. पण तेव्हापासून काटा माझ्या गिगबॅगमध्येच असतो, बायकोला नवीन घेऊन दिला.

तरीपण वजन म्हणजे सगळं नाही. मूळ दुखणं माझ्या धरण्यात होतं, आणि ते ताशातून आलेलं. ताशाच्या काड्या बारीक आणि लवचिक, तिथं ठोका मनगटानं आणि जोरात, काडी मुठीत आवळलेली. ड्रमची काडी आवळून धरली की ती उसळतच नाही, प्रत्येक ठोका तुम्हालाच उचलावा लागतो. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एक पकड, बुडापासून साधारण एक तृतीयांशावर, बाकीची बोटं नुसती टेकलेली, आणि काडीला तिथं झोका घेऊ द्यायचा. आमचे सर वाजवताना मागून येऊन काडी ओढतात. सहज निघाली तर ठीक, नाही निघाली तर परत पहिल्यापासून. मे महिन्यात माझी काडी निघायचीच नाही, सर म्हणायचे "अरे सोड की तिला, पळून नाही जात." आणि ७ए नं तीच सवय पक्की करून ठेवली होती. बारीक वस्तू धरायला बोटं जास्त मिटावी लागतात, पेन धरून तासभर लिहा आणि खराटा धरून तासभर झाडा, बोटं कशानं आखडतात बघा. लहान हाताला बारीक काडी हा हिशोब निदान माझ्या हातावर तरी साफ उलटा निघाला.

जुलैमध्ये हिकरीची ५ए मागवली, विक फर्थची, १६ इंची, टोक पाण्याच्या थेंबासारखं. हा विक फर्थ बॉस्टन सिम्फनीत टिंपनी वाजवायचा, बाजारातल्या काड्या मनासारख्या मिळेनात म्हणून स्वतः बनवायला लागला आणि १९६३ मध्ये कंपनी काढली. जोडी लावताना वजन आणि आवाज दोन्ही जुळवतात. माझी ५१ आणि ५१ भरली, काट्यावर बघून मी एकटाच हसलो. हिकरी अमेरिकेतलं झाड, लाकूड घट्ट पण धक्का पिऊन घेतं, ओकसारखी झिणझिणी नाही. पहिल्या दिवशी काही खास वाटलं नाही हे पण सांगतो. दहाव्या दिवशी लक्षात आलं की अंगठा दुखायचा थांबलाय.

मध्येच एकदा मेपलची ५ए पण करून बघितली. मेपल हलकं, जाडी तीच आणि वजन माझ्या ७ए च्या आसपास, म्हणजे कागदावर माझ्यासाठी एकदम बरोबर. हातात खरंच सुंदर, हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात एक भावगीतांचा प्रोग्रॅम होता, माइक लावलेला सेट, हळू वाजवायचं, तिथं हिच्यासारखी काडी नाही. पण लगीनसराईत तीन आठवड्यांत हाय-हॅटच्या कडेनं खांदा उंदरानं कुरतडल्यासारखा झाला. आता ती कपाटात, फक्त बसून ऐकणाऱ्या लोकांसाठी.

टोकाचं थोडक्यात. लाकडी टोकाचा आवाज उबदार, नायलॉनचा राईडच्या झांजेवर टिंग असा स्वच्छ. नायलॉन टोक १९५८ च्या सुमारास रीगल टिपच्या जो कॅलॅटोनं आणलं, लाकडी टोकं झिजून ढलप्या निघायच्या त्यावर उपाय म्हणून. ऑक्टोपॅडच्या रबरावर मला नायलॉन आवडतं, आणि घरी जाळीचे हेड असलेला इलेक्ट्रॉनिक सेट असेल तर लाकडी टोकाची ढलपी निघाली का ते रोज बघा, जाळी फाटते. पण स्वस्तातलं नायलॉन घेऊ नका. माझ्या एका काडीचं टोक भर गाण्यात निसटून कीबोर्डवर पडलं, नेमकं काळ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, कीबोर्डवाल्यानं तसंच गाणं पूर्ण केलं, नंतर पार्टी घेतली माझ्याकडून.

घामाचा इलाज सापडायला ऑगस्ट उजाडला. आधी बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळली, मऊ वाटलं, पण बुडाला वजन वाढून तोल मागं सरकला आणि उसळणंच गेलं. बोटावर काडी आडवी ठेवून बघा, ग्रिप लावायच्या आधी आणि नंतर, तोलाची जागा किती सरकते ते डोळ्यांना दिसतं. मग साधा उपाय, ४०० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन पकडीच्या चार बोटं जागेवरचं लॅकर, म्हणजे वरची पॉलिश, हलक्या हातानं घासून काढलं. लाकूड उघडं पडलं की घाम थोडा पिऊन घेतं आणि हात बसतो. जास्त घासू नका, मी एकदा जोशात घासली तर तिथं खळगा पडला. आणि स्टूलवर एक टॉवेल, तो मला फुकट मिळतो, नोकरीचा एवढाच फायदा.

दुकानात घेत असाल तर काचेच्या काउंटरवर लोळवून बघा, वाकडी असेल तर टोक नाचतं. मग दोन्ही काड्या एकेक करून कानाजवळ धरून दगडी कट्ट्यावर टिचकवा, एक टण आणि दुसरी टक म्हणाली तर ती जोडी नव्हे. लाकडाच्या रेषा लांबीनं सरळ गेल्या पाहिजेत, मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर तिथूनच मोडणार. दुकानदार तोंड वाकडं करेल. मी एकदा अकरा जोड्या लोळवल्या तेव्हा त्यानं चहा मागवला, पण फक्त स्वतःसाठी.

गणपतीत यंदा ताशा वाजवलाच, मिरवणूक सुटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ड्रमवर परत मूठ आवळलेली. चार दिवस गेले ती सोडवायला. पुढच्या वर्षी पण वाजवणार, काय करता.

रियाज घरीच, प्रॅक्टिस पॅडवर. आमच्या गल्लीत अजून दोन ठिकाणी यंत्रमाग चालतात, त्यामुळं शेजाऱ्यांची तक्रार नाही, माझी टकटक त्या खटखटीत बुडून जाते. रात्रपाळी असली की मेट्रोनोम पण लावत नाही, मागाच्या ठोक्यावरच सिंगल स्ट्रोक (उजवा-डावा एकेक ठोका) काढतो, धोटा अडकला की मी पण थांबतो.

आत्ताची परिस्थिती, हिकरी ५ए ची दुसरी जोडी चालू आहे, पहिली जुलैपासून डिसेंबरपर्यंत टिकली. किंमत हजाराच्या वर जाते हे खरं, पण अडीचशेवाल्या लोकल जोड्या मी भराभर संपवत होतो. या दुसऱ्या जोडीची डावी काडी खांद्याला खाल्ली गेलीय, अक्षयतृतीयेच्या लग्नांपर्यंत निघेल असं वाटत नाही. आणि ७ए ची एक न वापरलेली जोडी पडून आहे, ४२ आणि ४३ ग्रॅम, सरळ आहे, लोळवून बघितलीय. कुणी नुसतं ऑक्टोपॅड वाजवत असेल तर घेऊन जा, फक्त वाजवताना मधेच कुणाला तरी मागून ओढायला सांगा.