माझ्या क्रीमचा तोतया

हे लिहायला मी चार महिने लावले. आरशात बघायचीच हिंमत होत नव्हती, तिथे लिहायला बसणार कुठून? पण गेल्या पंधरवड्यात माझ्याच वयाच्या दोघींनी विचारलं, "अगं, तुझं ते जुनं क्रीम परत मिळालं म्हणे! आम्हालाही दे की पत्ता." तेव्हा ठरवलं की आता गप्प राहायचं नाही.

मी ६४ वर्षांची आहे. अडतिसाव्या वर्षापासून रात्री झोपताना एकच क्रीम लावत आले. दुधी काचेची बुटकी डबी, जड झाकण आणि उघडताच येणारा तो धुतल्या कपड्यांसारखा स्वच्छ, फुलांचा वास. त्या क्रीमने कधी चमत्कार केला नाही आणि मीही त्याच्याकडून कधी चमत्कार मागितला नाही. मला ते मानवलं होतं, एवढंच. मुलींची आजारपणं, ह्यांची बदली, आईचं जाणं, सगळ्या रात्री तोच वास होता. ज्यांनी वर्षानुवर्षं एकच वस्तू वापरली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग एकदा नवी डबी उघडली तर वास वेगळा आणि क्रीमही कोरडं वाटलं. काही महिन्यांनी काचेच्या जागी प्लॅस्टिकची नळी आली आणि पुढे ते क्रीमच बंद झालं. कारण मला खूप उशिरा कळलं. अशा फुलांच्या वासासाठी 'लिलिअल' नावाचं सुगंधी रसायन सर्रास वापरलं जायचं. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली, कारण ते प्रजननक्षमतेला घातक असल्याचं ठरलं होतं. त्यामुळे अनेक कंपन्यांना जुनी सूत्रं बदलावी लागली. माझ्या जपून ठेवलेल्या रिकाम्या डबीवर घटकांच्या यादीत अगदी शेवटी त्याचंच रासायनिक नाव आहे, 'ब्युटिलफेनिल मिथिलप्रोपिओनल'. आधी माहीत असतं, तर "जुना वास, जुनं सूत्र" या शब्दांना मी भुलले नसते.

सात-आठ महिने मी ते क्रीम ऑनलाइन शोधत होते. शोधायला लागलं की जाहिराती आपल्या मागे लागतात. एके रात्री अशीच एक जाहिरात समोर आली. तीच दुधी डबी, तेच सोनेरी अक्षर आणि खाली लिहिलेलं, "मूळ सूत्र. बंद होण्याआधीचा शेवटचा साठा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

विक्रेत्याशी मेसेजवर बोलणं झालं. फार अदबीने बोलायचा. "मॅडम, माझी आईसुद्धा हेच वापरायची, तुमची तळमळ मला कळते," असं म्हणाला. खरेदीच्या संकेतस्थळावरून न घेता थेट खात्यावर पैसे पाठवले तर तीन डब्यांवर चौथी भेट देईन, असंही म्हणाला. मी पाठवले. त्या क्षणी माझ्या हातातला सगळ्यात मोठा आधार गेला. संकेतस्थळावरून किंवा कार्डाने पैसे दिले असते तर तक्रार करून ते परत मागायला जागा होती. थेट पाठवलेले पैसे परत येणं फार अवघड.

पार्सल आलं. त्या संध्याकाळी जे जे दिसलं आणि ज्याच्याकडे मी काणाडोळा केला, ते आता एकेक करून सांगते. झाकण हलकं होतं. मनाशी म्हटलं, शेवटच्या साठ्यात कंपनीने काटकसर केली असेल. खोक्यावरचा बॅच क्रमांक, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाला दिलेला क्रमांक, एक आणि डबीच्या तळाचा दुसरा होता. खऱ्या मालावर हे दोन्ही जुळतात. शिवाय तळाचा क्रमांक नख लावताच पुसला गेला आणि चारही डब्यांवर अक्षर न अक्षर तोच होता. वेगवेगळ्या ठिकाणांहून एकेक डबी गोळा केली असं सांगणाऱ्याकडे चारही डब्या एकाच बॅचच्या कशा, हा साधा प्रश्न मला पडला नाही. घटकांच्या यादीत दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं. वास जवळपास तोच, पण नाकात जरा टोचणारा.

मुदतीची तारीख नव्हती. विचारलं तर म्हणाला, "हे क्रीम खराबच होत नाही, म्हणून तारीख नसते." अर्धवट खरं बोलून माणसाला कसं गुंडाळतात बघा. युरोपच्या नियमांनुसार ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या प्रसाधनावर मुदतीची तारीख छापणं सक्तीचं नाही, हे खरं. पण त्याऐवजी उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२ एम, २४ एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर किती महिने वापरायचं ते. न उघडलेलं क्रीमसुद्धा कायम टिकत नाही. तेल आणि पाणी वेगळं होऊ लागतं, जंतू रोखणारे घटक कमजोर पडतात. म्हणजे तो माल अस्सल असता, तरीही इतका जुना साठा मी चेहऱ्याला लावायला नको होता.

लावायला सुरुवात केली आणि दहा दिवसांत चेहरा खुलला. गालावरचे वांग फिके पडले, कातडी तुकतुकीत झाली. सून म्हणाली, "आई, तुम्ही काय करताय? दहा वर्षांनी लहान दिसताय." मी खूश! जे क्रीम २६ वर्षांत कधी वांग घालवू शकलं नव्हतं, ते दहा दिवसांत कसं घालवतंय, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. बहिणींनो, सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. ओळखीची साधी वस्तू अचानक औषधासारखं काम करायला लागली, तर तिच्यात औषध मिसळलेलं असू शकतं.

सहाव्या आठवड्यात गाल लाल दिसू लागले. आठव्यात नाकाच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या उमटल्या. एक रात्र क्रीम लावायचं राहिलं तर सकाळी निखारे ठेवल्यासारखी आग. पुन्हा लावलं की शांत. म्हणून मी आणखी लावत गेले. "कंपनी बदलली तरी माझं क्रीम मला सांभाळतंय," असं मी सुनेला म्हणाले होते, हे आठवलं की आजही गळा दाटून येतो.

शेवटी तीच मला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी चेहरा बघितला, डबी उघडून बघितली आणि विचारलं, "हे बंद केलं की आग होते ना?" त्यांच्या मते त्यात कडक स्टेरॉइड असणार. बनावट आणि गोरेपणाच्या क्रीममध्ये क्लोबेटासॉल, बीटामेथासोनसारखी स्टेरॉइड सापडतात. ती आधी लाली आणि सूज दाबतात, रंग उजळ दिसतो. पण हळूहळू कातडी पातळ होते आणि औषध थांबवलं की दाबलेली लाली दुपटीने उसळते. आमच्या वयात तर कातडी आधीच पातळ झालेली. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी होतं आणि पहिल्या काही वर्षांतच त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन, झपाट्याने घटतं, तेलग्रंथीही मंदावतात. डॉक्टर म्हणाले की नवं सूत्र तुम्हाला कोरडं वाटलं, त्यात थोडा हात तुमच्या बदललेल्या त्वचेचाही होता. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

त्यांनी लघवीतला पारासुद्धा तपासायला सांगितला. मी चक्रावले. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून असल्या क्रीममध्ये तो घालतात. तो मूत्रपिंडावर घाला घालतो आणि उशी, टॉवेल, हात यांतून घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचतो. पाऱ्यावरच्या २०१३ च्या मिनामाता करारात, दर दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त पारा असलेली सौंदर्यप्रसाधनं २०२० पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. तरी चोरून ती बनतातच. यादीत कॅलोमेल किंवा मर्क्युरी, मर्क्युरिक असा शब्द दिसला तर डबी उघडूच नका. आणि बनावट डबीवरची यादीच खोटी असू शकते, हेही ध्यानात असू द्या. माझा अहवाल चांगला आला. नातीला मांडीवर घेतलं आणि खूप वेळ सोडलं नाही.

मूळ कंपनीला डबीचे फोटो पाठवले. दोन दिवसांत उत्तर आलं की असा बॅच क्रमांक आम्ही कधीच वापरला नाही. घ्यायच्या आधी हाच मेल केला असता तर! विक्रेत्याचा क्रमांक तोवर बंद झाला होता. त्याच्या पानावरची कौतुकं नीट वाचली, तर बहुतेक सगळी एकाच आठवड्यात लिहिलेली. पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

उतरत्या मात्रेचं औषध घेऊन चेहरा सावरायला साडेतीन महिने लागले. एकदम थांबवलं असतं तर आणखी हाल झाले असते, त्यामुळे कुणी यात अडकलं असेल तर मनाने काही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. रक्तवाहिन्या थोड्या अजून दिसतात. आता मी बिनवासाचं, ग्लिसरीन आणि सिरॅमाइडचं (त्वचेत असतो तसा स्निग्ध घटक) साधं क्रीम लावते, तेही आधी कानामागे थोडं लावून आठवडाभर वाट बघितल्यावर.

चौथी डबी, जी भेट आली होती, ती मी ताईला दिली होती. ताई ७१ वर्षांची. दवाखान्याच्या जिन्यातूनच मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, मला तर फार मानवलंय ते. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांना दोन वेळा लावते." माझे पाय लटपटले. डोळ्यांजवळ स्टेरॉइड सतत लागलं तर डोळ्यांतला दाब वाढू शकतो, हे मी पाचच मिनिटांपूर्वी ऐकलं होतं. त्याच आठवड्यात तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. दाब थोडा चढा निघाला. आधीपासून होता की या क्रीमने वाढला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. ताई मला एका शब्दाने बोलली नाही, उलट डबी परत देताना माझ्याच पाठीवरून हात फिरवला.