कालप्रवासी नायिकेला उतरवायचं कुठे? लंडन, मेरीलँड, सँ-दोमँग की जमैका

कादंबरी तुमच्या डोक्यात तयार आहे असं धरून चालते. आजच्या काळातली एक बाई मागच्या काळात जाऊन पडते. तिथे जादू खरी आहे, तिथे तिचा कुणावर तरी जीव जडतो आणि भोवती गुलामगिरी मोडायचा लढा पेटलेला आहे. अडलंय ते एकाच ठिकाणी: तिला कुठल्या सालात, कुठल्या किनाऱ्यावर उतरवायचं? मी स्वतः यात दीड वर्ष घातलं आणि तीनदा पहिली पन्नास पानं लिहून टाकून दिली. ती पानं कशापायी गेली, ते सांगितलं तर तुमची तरी वाचतील.

जागा तोलताना मी तीन प्रश्न विचारते. दोघांनाही 'नाही' म्हणता येतं का? जादू कुणाच्या हातात आहे? आणि पुढचं सगळं माहीत असलेली नायिका कथेला बळ देते की कथेतली हवा काढून घेते? पहिल्या प्रश्नाला जी जागा नापास, तिचे पुढचे पेपर तपासायचेच नाहीत. मालक आणि त्याच्याच मळ्यावरची गुलाम बाई, ही जोडी कितीही हळुवार रंगवा. जिला नकार देण्याची सोय नाही तिच्या होकाराला काय अर्थ? फ्रेंच वसाहतींसाठी १६८५ साली निघालेल्या 'कोड न्वार' या गुलामांविषयीच्या कायद्यामध्ये तर गुलामांच्या आपसातल्या लग्नालाही मालकाची संमती लागे.

बहुतेकांची पहिली ओढ लंडनकडे असते. माझीही होती. पत्रं, घोडागाड्या, नाचाचे दिवाणखाने, प्रेमकथेला लागणारं सगळं सामान तिथे आयतं मिळतं. इतिहासही हाताशी आहे. २२ मे १७८७ ला जॉर्ज यार्डमधल्या एका छापखान्यात बारा माणसं जमली आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धची समिती उभी राहिली. बारांपैकी नऊ क्वेकर, म्हणजे गुलामगिरीला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे होते. त्यांच्यातला टॉमस क्लार्कसन बंदराबंदरांतून पुरावे गोळा करत हिंडायचा. लिव्हरपूलच्या एका दुकानात त्याने हातकड्या, पायबेड्या, अंगठे पिळायचे स्क्रू आणि जेवायला नकार देणाऱ्यांचं तोंड जबरदस्तीने उघडायचं यंत्र विकत घेतलं. म्हणजे या वस्तू दुकानात मांडून विकायला होत्या! तो एक लाकडी पेटीही बाळगायचा आणि तिच्यात आफ्रिकेतलं विणकाम, मसाले, हस्तिदंत असा माल दाखवायला ठेवायचा. या माणसांशी माणसं म्हणून व्यापार करता येतो, हे त्याला पटवायचं होतं. कादंबरीत जादूची पेटी हवी असेल तर नवीन कशाला घडवता? ही उघडा.

नकाराच्या प्रश्नावर लंडन बऱ्यापैकी पास होतं. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला इंग्लंडात कायद्याची आडकाठी नव्हती. स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेला ओलाउदा एक्वियानो १७९२ साली केंब्रिजशरमधल्या सोहॅम गावच्या सुझाना कलनशी लग्न करून मोकळा झाला. शिवाय बायकांना मत नव्हतं तरी चहाचं टेबल त्यांच्या हातात होतं. १७९१ पासून हजारो घरांनी वेस्ट इंडीजची, गुलामांनी पिकवलेली साखर बंद केली. नायिकेने पहिल्याच भेटीत साखरेचं भांडं परत सरकवलं, की समोरच्याला तिची बाजू कळली. एक ओळ पुरते.

मग माझी पानं फाटली कशामुळे? जादूमुळे. लंडनमधली जादू कुणा उमरावाच्या छडीत गेली, की शेवटी छडी फिरते आणि बेड्या गळून पडतात. ज्यांनी त्या बेड्या अंगावर वागवल्या ते पडद्यामागेच राहतात आणि मान मिळतो दिवाणखान्याला. दुसरी अडचण वेळेची. १७९१ साली संसदेत खासदार विल्बरफोर्सचा गुलामांचा व्यापार थांबवायचा ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. कायदा झाला १८०७ मध्ये, २८३ विरुद्ध १६ मतांनी, आणि तोही फक्त व्यापार थांबवणारा. म्हणजे नायिकेला निकाल माहीत आहे आणि वीस वर्षं वाट बघण्यापलीकडे तिला काम नाही. नायकाचे केस पिकतात.

लंडन लिहायचंच असेल तर १८२८ घ्या. त्या वर्षी मेरी प्रिन्स ही गुलाम बाई कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरून मालकाबरोबर लंडनला आली. अँटिग्वात तिने डॅनियल जेम्स नावाच्या स्वतंत्र माणसाशी लग्न केलं होतं आणि मालकाला न विचारता केलं म्हणून चाबूक खाल्ला होता. लंडनमध्ये ती मालकाचं घर सोडून निघाली. इंग्लंडात तिला कुणी गुलाम म्हणून धरून ठेवू शकत नव्हतं. मात्र अँटिग्वाच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच ती पुन्हा मालकाची. नवरा तिकडे, स्वातंत्र्य इकडे. मालक काही केल्या तिला मुक्त करायला तयार होईना. १८३१ साली तिची हकिकत छापली गेली; काळ्या बाईचं आयुष्य ब्रिटनमध्ये पुस्तकरूपाने आलं ते पहिल्यांदा. दोन काळांत अडकलेल्या प्रेमिकांची गोष्ट रचायला आपण यंत्रं आणि मंत्र शोधतो. इथे नुसत्या समुद्राने तेच केलंय.

अमेरिकेतल्या मेरीलँडबद्दल थोडक्यात. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात या लढ्याचं चित्र आहे ते बहुतेक अमेरिकेचंच. त्यामुळे पार्श्वभूमी समजावत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. जादूही अस्सल आहे: पुढे या लढ्याचा पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लसला गुलामगिरीत असताना सोळाव्या वर्षी सँडी नावाच्या सोबत्याने एक मुळी दिली आणि उजव्या बाजूला बाळग म्हणून सांगितलं, म्हणजे गोरा माणूस मारणार नाही. नंतर मारायला आलेल्या, त्याला भाड्याने घेतलेल्या शेतकऱ्याशी डग्लस स्वतःच भिडला. मुळीचा गुण की मुठीचा, हे वाचकावर सोडता येतं. प्रेमाच्या बाबतीत मात्र हा प्रदेश निर्दय आहे. पुढे पुन्हा पुन्हा परत येऊन इतर गुलामांना सोडवून नेणारी हॅरिएट टबमन १८४९ साली स्वतः पळाली आणि दोन वर्षांनी नवऱ्याला न्यायला परत आली, तर त्याने दुसरी बायको केलेली. तिने मग दुसऱ्याच माणसांना सोबत घेतलं आणि निघाली. त्या रात्रीवर एक अख्खा भाग लिहा, पण नायिका म्हणून टबमनला उचलू नका. इतक्या मोठ्या माणसाशेजारी तुमची कालप्रवासी पाहुणीच वाटेल. जोडपंच हवं असेल तर जॉर्जियाचे विल्यम आणि एलन क्राफ्ट आहेत. डिसेंबर १८४८ मध्ये एलनने आजारी गोऱ्या मळेवाल्याचं सोंग घेतलं, विल्यम तिचा नोकर झाला. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून सही टाळायला उजवा हात झोळीत. चार दिवसांत फिलाडेल्फिया. याच्यापुढे वेषांतराची जादू फिकी पडते, म्हणून मी तो नाद सोडला.

जादूच्या बाबतीत सँ-दोमँगला, म्हणजे आजच्या हैतीला, तोड नाही. जानेवारी १७५८ मध्ये ल काप शहरात मकांदाल या पळालेल्या बंडखोर गुलामाला जाळलं. विषप्रयोगाचा आरोप होता. बघणारे शपथेवर सांगत, की तो माशी होऊन उडाला. पुढे ताईतांनाही त्याचंच नाव पडलं. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा कायमानच्या रानात बंडाचा पुढारी बुकमन आणि पुजारीण सेसिल फातिमान यांनी व्होडू धर्माचा विधी केल्याची परंपरा आहे, आणि २२ तारखेच्या रात्री उत्तरेकडचे मळे पेटले. इथे जादू पहिल्यापासून गुलामांच्याच हातात आहे. श्रेय कुणाचं, हा प्रश्नच उरत नाही. फक्त व्होडू हा आजही पाळला जाणारा धर्म आहे. बाहुल्या-टाचण्यांचा खेळ करून ठेवलात तर कादंबरी पहिल्या प्रकरणातच मेली.

तरीही माझी दुसरी पन्नास पानं इथेच गेली. तेरा वर्षांचं युद्ध, फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज अशी तीन सैन्यं, पिवळा ताप, दर वर्षी फिरणाऱ्या निष्ठा. या सगळ्यात दोन माणसांना एकमेकांशी बोलायला सवड कुठून मिळणार? आणि नायिकेचं ज्ञान इथे गळ्याशी येतं. जून १८०२ मध्ये बोलणीच्या निमित्ताने बोलावून बंडाचा सर्वात मोठा सेनापती तूसँ लूव्हर्त्यूरला पकडणार आहेत आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो ज्यूरा पर्वतातल्या थंड किल्ल्यात मरणार आहे, हे तिला ठाऊक आहे. मग ती सांगत का नाही? याचं पटेल असं उत्तर मला सापडलं नाही. तुमच्याकडे असेल तर खुशाल इथे या, आणि प्रेमकथेसाठी सानित बेलेअरचा विचार करा. ती बंडाच्या सैन्यात लेफ्टनंट होती, नवरा शार्ल सेनानी. ऑक्टोबर १८०२ मध्ये दोघांनाही एकाच दिवशी मृत्युदंड झाला. बाई म्हणून तिचं शिर उडवणार होते. तिने नवऱ्यासारखंच गोळ्यांनी मरण मागितलं आणि मिळवलं.

आता जमैका. सध्या मी इथेच मुक्कामाला आहे, तेव्हा माझं झुकतं माप धरूनच वाचा.

जादूपासून सुरुवात करू. १७६० च्या, टॅकी नावाच्या गुलामाने केलेल्या बंडानंतर बेटाच्या विधिमंडळाने ओबिया, म्हणजे तिथली मंत्रविद्या, गुन्हा ठरवली. त्या कायद्यात जवळ सापडू नयेत अशा वस्तूंची यादी आहे: रक्त, पिसं, पोपटाच्या चोची, कुत्र्याचे दात, मगरीचे दात, फुटक्या बाटल्या, थडग्यावरची माती, रम, अंड्याची टरफलं. शिक्षा मृत्यू किंवा हद्दपारी. राज्यकर्तेच कायद्याच्या भाषेत जादूचं साहित्य लिहून ठेवतात, यापेक्षा आणखी काय हवं? तुमच्या नायिकेच्या पर्समधल्या फुटक्या परफ्यूमच्या बाटलीवरून तिच्या मानेला फास लागू शकतो.

दुसरं, नायक. डोंगरात मरून लोक राहत. पळून गेलेल्या गुलामांचे हे वंशज १७३९ च्या तहापासून स्वतंत्र होते. त्यांची पुढारीण नॅनी बंदुकीच्या गोळ्या अडवायची, अशी दंतकथा आहे. त्याच तहात नव्याने पळून येणाऱ्यांना परत करण्याची अटही होती. म्हणजे तुमचा नायक मुक्त आहे, देखणा आहे, 'हो' आणि 'नाही' दोन्ही म्हणू शकतो, आणि त्याच्या माणसांचं स्वातंत्र्य दुसऱ्यांना परत धाडण्याच्या अटीवर उभं आहे. प्रेमात अडसर म्हणून खलनायक लागतच नाही.

तिसरं आणि माझ्या मते निर्णायक: तारखा. १८३१ च्या शेवटी मळ्यांवर बातमी पसरली होती, की राजाने आपल्याला आधीच मुक्त केलंय आणि मळेवाले कागद दडवून बसलेत. सॅम्युअल शार्प हा गुलाम, बाप्टिस्ट चर्चचा डीकन म्हणजे पदाधिकारी, वर्तमानपत्रं वाचायचा. ख्रिसमसनंतर मजुरीशिवाय कामावर जायचं नाही, असा त्याचा बेत होता. २७ डिसेंबरला केन्सिंग्टनचा मळा पेटला आणि संपाचं बंड झालं. सुमारे ६०,००० लोक त्यात उतरले. चौदा गोरे मेले. बदल्यात शेकडो गुलामांना मारलं, फासावर चढवलं. मे १८३२ मध्ये शार्पला माँटेगो बेच्या चौकात फाशी दिली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला, आणि हे बंड त्यामागचं एक मोठं कारण होतं.

आता विचार करा. 'तुम्ही मुक्त होणार आहात, कायदा होणार आहे,' हे नायिकेने प्रेमाच्या भरात कुणाच्या तरी कानात सांगितलं तर? ती अफवा तिचीच असेल. तिच्या एका वाक्यावर माणसं फासावर जातील. आणि तिने गप्प बसायचं ठरवलं तर कायदा लांबेल. सँ-दोमँगमध्ये 'ती सांगत का नाही' हा प्रश्न कथा मोडतो. जमैकात 'तिने सांगितलं' यावरच कथा चालते.

पुढेही तारखा साथ सोडत नाहीत. १ ऑगस्ट १८३४ ला मुक्ती आली ती अर्धीच: सहा वर्षांवरच्या सगळ्यांनी 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबायचं होतं. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ला. नायिकेने पहिलीच तारीख मनात धरली असेल, तर प्रेमिकाला दिलेलं वचन चार वर्षांच्या फरकाने खोटं ठरतं. मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, गुलामांना छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे रोखे ब्रिटनने २०१५ साली फेडले. नायिका त्याआधी ब्रिटनमध्ये नोकरी करत असेल, तर तिच्या पगारातून कापलेल्या करात त्याचा वाटा होता. कालप्रवासाचं दार उघडायला मला तरी यापेक्षा चांगली किल्ली मिळाली नाही. तिकडे गुलामांच्या नोंदवह्याही आहेत: १८१७ पासून दर तीन वर्षांनी नाव, वय, वर्ण. आज लंडनच्या अभिलेखागारात ती एक नाव वाचते आणि उद्या तेच नाव तिला हाक मारतं.

जमैकाच्या अडचणीही आहेत. शिक्षांचं वर्णन किती करायचं, हे दर पानाला ठरवावं लागतं, आणि तिथली बोली मराठीत आणताना गावरान मराठीचा मोह टाळावा लागतो. हलकंफुलकं लिहायचं असेल तर जमैका नको. १८२८ चं लंडन घ्या आणि जादू मेरीसारख्या बाईच्या हाती द्या. जादू हाच कादंबरीचा जीव असेल तर सँ-दोमँग घ्या. तिथे प्रेम नव्याने जुळवू नका, आधीपासून संसार असलेलं जोडपं घ्या.

जमैका घेतलंत तर शेवटचा प्रसंग तयार आहे. ३१ जुलै १८३८ ची रात्र, फालमथचं बाप्टिस्ट चर्च. बाराच्या ठोक्यानंतर लोकांनी एक शवपेटी पुरली. आत साखळी, चाबूक आणि गळ्यात अडकवायचं लोखंडी कडं. माझ्या मसुद्यात नायिका मागच्या रांगेत उभी आहे आणि तिच्या हातात ती अंड्याची टरफलं अजून आहेत. ती पेटीत टाकायची की घेऊन परत यायचं, तेवढं मी अजून लिहिलेलं नाही.