साताऱ्यात मापाचे इनसोल (बुटाच्या आत घालायचे तळ) करून घेतले, चार महिने पळून झाले, आता सविस्तर सांगते

आधी माझी माहिती, म्हणजे तुमचं नि माझं दुखणं जुळतंय का ते तुम्हालाच कळेल. वय 41, शाळेत शिक्षिका, म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास उभंच, आणि आठवड्याला 30-35 किलोमीटर पळणं. 2016 ला आपल्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या फायनलमध्ये 10वी आली ना, तेव्हा शाळेतल्या मुलींना घेऊन मी ग्राउंडवर जायला लागले आणि तेव्हापासून माझंही पळणं सुरू झालं ते आजतागायत. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केलीये.

यंदा फेब्रुवारीत डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर दुखायला लागलं. सुरुवातीला दुखायचं, दोन किलोमीटर झाले की थांबायचं, मग घरी येऊन आंघोळ करून बसलं की परत सुरू, आणि मार्चमध्ये तर वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा कळ यायला लागली. बर्फ लावून झाला, आठ दिवस सुट्टी घेऊन झाली, ऑनलाइन 700 रुपयांचे जेलचे मऊ इनसोल मागवून झाले. त्या जेलच्याने काडीचा फरक पडला नाही. नंतर वाचलं की 2017 मध्ये इनसोलवरच्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले होते, त्यात आकार दिलेल्या, तळव्याच्या कमानीला आधार देणाऱ्या इनसोलने एकूण दुखापती 28 टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या (यात बहुतेक लोक सैन्यात भरती झालेले होते, हे लक्षात ठेवा), पण नुसत्या धक्का शोषणाऱ्या मऊ इनसोलने तसा फायदा दिसला नाही. म्हणजे मऊपणा आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात आपण दाबून मऊ लागतंय ते उचलतो.

मग आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले, ताई, बूट किती वेळा बदलणार, एकदा पाय दाखवा की कुणाला तरी. म्हणून एप्रिलमध्ये साताऱ्यातल्याच एका फिजिओच्या क्लिनिकमध्ये गेले. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत.

तपासणी मात्र खरंच मनापासून केली, त्याचे पूर्ण मार्क. पाऊण तास घेतला. आधी दुखणारी जागा बोटाने दाबत दाबत गेले आणि विचारलं, एका बोटाएवढ्याच जागी दुखतंय का लांब पट्टा आहे, रात्री झोपेत दुखतं का. माझा चार बोटांचा पट्टा होता, रात्री काही नाही. एकाच टिकलीएवढ्या जागी दुखत असेल, रात्री ठणकत असेल तर इनसोल बाजूला ठेवून आधी हाडाच्या डॉक्टरकडे जा, हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, इनसोल विकायची घाई केली नाही, मला फार बरं वाटलं.

मग माप. फुलवाले गुच्छ खोचायला तो हिरवा स्पंज वापरतात बघा, बोट दाबलं की खळगा पडतो आणि परत वर येत नाही, तसल्या फोमचा एक खोका असतो. मला खुर्चीवर बसवलं, त्यांनी एका हाताने घोटा दोन्ही बाजूंनी धरून सरळ केला, दुसरा हात गुडघ्यावर ठेवून पाय हळूहळू त्या फोममध्ये दाबला, आधी टाच, मग बाहेरची कड, शेवटी बोटं. पाय बाहेर काढल्यावर उजव्या ठशात आतल्या बाजूला फोम उंच राहिलेला आणि डाव्यात जवळजवळ सपाट. मला लहानपण आठवलं, आंघोळ करून शहाबादी फरशीवर ओले पाय उमटले की आई म्हणायची, अगं तुझा डावा पाय आजीवर गेलाय. तीच गोष्ट त्या खोक्यात दिसत होती.

दहा दिवसांनी जोडी हातात आली. कडक फोमची, टाचेपासून चवड्याच्या आधीपर्यंत, वरून पातळ काळं कापड चिकटवलेलं, डाव्याला टाचेखाली आतल्या बाजूने थोडी चढ दिलेली. तपासणीसकट 4500 रुपये.

आता माझी पहिली आणि मोठी तक्रार. देताना मला सांगितलं, मॅडम, आता पायाच्या मसल्सना आराम मिळेल, सगळं काम इनसोल करेल. असं होत नाही हो. आणि हे वाक्य ऐकून गेलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात इनसोल कपाटात टाकणार, म्हणून यावर जरा लांबण लावते.

पहिल्या चार दिवसांनीच मी ते घालून 5 किलोमीटर पळाले आणि संध्याकाळी नडगीच्या पुढचा, हाडाच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू असा भरून आला की जिना उतरताना पाय टेकवेना. जुनी जागा शांत आणि नवीनच जागा दुखतेय! फोन केला तर म्हणाले सवय होईल. सवय झाली हे खरं, पण का दुखलं ते मला माझंच शोधावं लागलं.

खुर्चीवर बसून टाच जमिनीला टेकवून पायाची बोटं वर उचला आणि नडगीच्या हाडाच्या बाहेर हात ठेवा, जो टणक होतो तो टिबिअॅलिस अँटेरिअर. टाच पडल्यावर चवडा जमिनीवर आपटू नये म्हणून तो पायाला धरून हळूच खाली सोडतो. आतल्या घोट्याच्या मागून तळव्यात जातो तो टिबिअॅलिस पोस्टेरिअर, कमान धरून ठेवणारा. बाहेरच्या घोट्याच्या मागून येऊन तळव्याखालून अंगठ्याच्या मुळाशी जातो तो पेरोनिअस लाँगस. ईसीजीला छातीवर चिकटवतात तसे इलेक्ट्रोड पायावर लावून कुठला स्नायू किती काम करतोय हे मोजता येतं, त्याला ईएमजी म्हणतात. पोस्टेरिअर इतका खोल असतो की त्याच्यासाठी सुईने बारीक तार आत सोडावी लागते, म्हणून पळताना त्याचं मोजमाप करणं अवघड.

1999 च्या एका अभ्यासात 12 हौशी धावपटूंना इनसोल घालून आणि न घालता पळवलं होतं. पाय जमिनीवर असतो त्या वेळेच्या पहिल्या अर्ध्या भागात टिबिअॅलिस अँटेरिअरची ईएमजीवरची सक्रियता सरासरी 37.5 टक्क्यांनी वाढली, आणि मांडीच्या मागच्या बायसेप्स फिमोरिसची 11.1 टक्क्यांनी कमी झाली. वाढली! म्हणजे इनसोल घालून पुढच्या स्नायूला जास्त जागं राहावं लागलं. हे वाचलं आणि माझी ती संध्याकाळ डोळ्यासमोर आली. उलट सपाट पायाच्या लोकांना इनसोल घालून चालवून बघितलं तेव्हा आतला पोस्टेरिअर कमी काम करताना दिसला आणि बाहेरचा पेरोनिअस जास्त, आणि पोस्टेरिअरचं हे कमी होणं तयार आणि मापाच्या दोन्ही इनसोलने दिसलं. सगळे अभ्यास एकसारखं बोलत नाहीत, माणसागणिक फरक पडतो, आणि ईएमजी वाढला म्हणजे जोर तेवढाच वाढला किंवा स्नायू थकला असंही नसतं. पण मला कळलं ते एवढं की इनसोल काम काढून घेत नाही, वाटणी बदलतो. माझा आतला स्नायू थकून ओढला जात होता, त्याच्यावरचं ओझं थोडं दुसऱ्यांकडे गेलं, आणि त्या दुसऱ्यांना तयार व्हायला वेळ हवा होता. मापाची जोडी देतानाच एवढं दोन वाक्यांत सांगितलं असतं तर माझा एक आठवडा वाचला असता.

त्यानंतर मी नीट केलं. पहिल्या दिवशी घरात एक तास, रोज तास-तासभर वाढवत, मग शाळेत, आणि पळायला तिसऱ्या आठवड्यापासून, तेही 2 किलोमीटर. सोबत पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, 15 चे 3 सेट, आणि बसून बोटं वर उचलण्याचा व्यायाम. हे व्यायाम क्लिनिकनेच दिले होते, ते मनापासून करा, कारण ज्याच्यावर काम जाणार तो स्नायू तयार करायचा आहे.

मे अखेर सपाट रस्त्यावर दुखणं गेलं. जूनमध्ये समर्थ मंदिरावरून बोगद्यातून यवतेश्वर घाट चढायला लागले. चढताना काही नाही. उतरताना मात्र पुढचा स्नायू बोलतो, कारण उतारावर टाच आधी पडते आणि त्यालाच ब्रेक लावायला लागतो, म्हणून उतारावर मी पावलं छोटी केली आणि आठवड्यातून एकदाच घाट. आता ऑगस्ट संपत आला, 18 किलोमीटरपर्यंत पोचलेय, नडगीची आतली कड दाबली तरी दुखत नाही. यात इनसोल किती, व्यायाम किती आणि पळणं कमी केलं त्याचा वाटा किती हे वेगळं काढून सांगता येणार नाही, पण इनसोल काढून शाळेत गेले त्या दिवशी संध्याकाळी पाय जड झाला होता एवढं नक्की.

दुसरी तक्रार, फिनिशिंग. जुलैत आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, घाटात धुकं आणि पाण्याचे लोट, बूट पूर्ण भिजतात. तिसऱ्या भिजण्यात उजव्याचं वरचं कापड टाचेपाशी सुटलं आणि गुंडाळी होऊन तळव्याला टोचायला लागलं. परत चिकटवून द्यायला दोन फोन आणि 200 रुपये. साताऱ्यात पळणाऱ्यांसाठी वस्तू बनवताय तर पावसाचा विचार आधी पाहिजे. भिजल्यावर हीटरसमोर, चुलीपाशी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, फोमचा आकार जातो. वर्तमानपत्रात गुंडाळून पंख्याखाली ठेवा.

आणि घालायच्या आधी बुटातलं मूळचं पातळ सोल काढायचं, नाहीतर टाच वर उचलली जाऊन मागून निसटते. तरी निसटत असेल तर लेस शेवटच्या भोकातून घालून बांधा. चालताना करकर आवाज येतो, बुटात थोडी टाल्कम पावडर टाकली की थांबतो.

आरामाबद्दल एक गोष्ट मला फार पटली. कॅनडातल्या कॅल्गरीच्या संशोधकांनी, त्यात बेनो निग होते, 2001 मध्ये 206 सैनिकांवरचा अभ्यास छापला. 6 प्रकारचे इनसोल घालून बघायला दिले, ज्याला जो आरामशीर वाटला तो त्याने 4 महिने वापरला, आणि दुखापती इनसोल नसलेल्या गटापेक्षा कमी झाल्या. महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांनी एकच इनसोल निवडला नाही. तेव्हा करून दिलेली जोडी दोन-तीन आठवडे नीट सवय करूनही टोचत असेल तर गप्प बसू नका, परत जाऊन घासून घ्या. माझ्या डाव्याची कमान त्यांनी दोनदा घासून कमी केली, एक रुपया घेतला नाही आणि कुरकुरही नाही.

5 पैकी 4 देते. तपासणीचे पूर्ण, चिकटवण्याचे आणि अर्धवट समजावून सांगण्याचे कापले. ज्याला काही दुखत नाही त्याने 4500 घालवायची गरज नाही, आणि पहिल्यांदाच घेत असाल तर आधी चांगले कडक तयार इनसोल महिनाभर वापरून बघा, मी जेलवर पैसे घालवले त्याऐवजी तेच करायला हवं होतं.

जाताना जुने पळायचे बूट सोबत न्या आणि ते धुवून नेऊ नका. सोलची झीज कुठल्या कडेला आहे ते बघूनच त्यांनी माझ्या डाव्या पायाचं अर्धं निदान केलं होतं. क्लिनिक दुपारी 1 ते 4 बंद असतं.