घाम, जिन्नस की जलसा? निधी उभारण्याच्या वाटा शेजारीशेजारी ठेवून

संस्थेसाठी पैसे उभारायचे ठरलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "या वेळी काहीतरी हटके करू या." मग गाण्यांचा कार्यक्रम, सायकल मोहीम, चित्रांचा लिलाव, मुंडणाची पैज अशा कल्पना एकामागून एक निघतात. सगळ्याच बऱ्या वाटतात आणि बहुतेकदा ज्याचा आवाज मोठा त्याची मंजूर होते. हटकेपणा हा निकष मला फारसा पटत नाही. लोक पैसे देतात ते ओळखीच्या माणसानं मागितले म्हणून. कल्पनेनं त्या माणसाला मागायला निमित्त दिलं, की तिचं काम झालं. कुठली वाट तुमच्या गटाला हे निमित्त कमी खर्चात मिळवून देते, ते पाहायचं.

त्यासाठी प्रत्येक वाटेला मी तीन प्रश्न विचारते. पहिली देणगी येण्याआधी पदरचं किती घालावं लागेल? किती माणसं किती दिवस अडकतील? आणि सगळं पार पडल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा हाक मारता येईल अशा लोकांची यादी हातात उरेल का? तिसरा प्रश्न बैठकीत कुणी काढत नाही. दुसऱ्या वर्षी मात्र त्याचंच उत्तर शोधत बसावं लागतं.

जलसा की घाम

खरी चुरस या दोघांत असते, म्हणून इथे जरा थांबू.

कार्यक्रमाचा, म्हणजे मैफल, नाटक, मेजवानी, काहीही म्हणा, त्याचा सगळा खर्च आधी होतो. सभागृह, ध्वनिव्यवस्था, दिवे, छपाई, परवाने, कलाकारांची ने-आण. तिकीटविक्री शेवटच्या आठवड्यात जोर धरते, तोवर आयोजकांच्या पोटात गोळा. हिशेब मांडल्यावर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला निघणं काही दुर्मीळ नाही. शिवाय तिकीट घेणाऱ्याच्या मनात त्यानं एक संध्याकाळ विकत घेतलेली असते. ती छान गेली की व्यवहार संपला. संस्था कुठली, काम काय, हे घरी पोहोचेपर्यंत विसरलेलंही असतं.

कार्यक्रम गाजला आणि तरी पैसे अडकले, असंही होतं. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सतारवादक रविशंकर आणि 'बीटल्स'मधले जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी मैफल केली. एकाच दिवसात दोन प्रयोग झाले आणि तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. पुढे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून त्याहून कितीतरी मोठी रक्कम जमली, पण कार्यक्रम आधीच धर्मादाय म्हणून रीतसर नोंदवलेला नव्हता. अमेरिकी करखात्याच्या पेचात ते पैसे कित्येक वर्षं अडकून पडले. एवढी मोठी नावं पाठीशी असूनही जे कागद करायचे राहिले, ते आपल्या गटाकडूनही राहू शकतात. पैसे कुणाच्या नावानं जमा होणार, पावती कोण देणार आणि कराचं काय, हे कार्यक्रमाची तारीख जाहीर करण्याआधीच मिटवलेलं बरं.

आता घाम. चालणं, धावणं, पोहणं, सायकल, किंवा सलग बारा तास पुस्तक वाचणं. कष्ट एकानं करायचे आणि त्याच्या ओळखीच्यांनी त्यापोटी देणगी द्यायची. इथे पदरचं जवळजवळ काही जात नाही. खरी कमाई गुणाकारात आहे. वीस जण सहभागी झाले आणि प्रत्येकानं पंधरा ओळखीच्यांना विचारलं, तर तीनशे लोकांपर्यंत मागणी पोहोचते, तीही प्रत्येकाच्या आपल्या माणसाकडून. तीनशे तिकिटं खपवायला चार कार्यकर्त्यांची दमछाक होते ती वेगळीच.

या वाटेचा सर्वांत मोठा दाखला कॅनडाचा. कर्करोगात उजवा पाय गमावलेला टेरी फॉक्स १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिकच्या किनाऱ्यावरून कृत्रिम पायानं धावत निघाला. देश आडवा पार करायचा आणि कर्करोग संशोधनासाठी पैसे जमवायचे, असा बेत. सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापल्यावर कर्करोग फुप्फुसांत पोहोचला आणि त्याला थांबावं लागलं. त्याचं मागणं साधं होतं, प्रत्येक कॅनेडियनामागे एक डॉलर. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांवर डॉलर जमले, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येइतके. त्याच्या मागणीत आकडा इतका सुटसुटीत होता की ऐकणाऱ्याला स्वतःचा वाटा किती, हे विचारावंच लागत नव्हतं.

कष्ट किती मोठे, हे मात्र करणाऱ्याच्या मानानं ठरतं. २०२० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधले टॉम मूर हे निवृत्त लष्करी अधिकारी शंभराव्या वाढदिवसाआधी वॉकरच्या आधारानं आपल्या अंगणात २५ मीटरच्या १०० फेऱ्या मारायला निघाले. लक्ष्य हजार पौंडांचं होतं, जमले ३ कोटी २० लाखांहून अधिक. सगळं अंतर मिळून अडीच किलोमीटर. हेच अंतर रोज सकाळी पळणाऱ्या तिशीतल्या माणसानं देणगीसाठी कापलं असतं तर शेजाऱ्यानंही वळून पाहिलं नसतं. म्हणून आव्हान निवडताना "हा/ही हे करेल?" असं ओळखीच्यांच्या तोंडून निघालं पाहिजे. पाण्याला घाबरणाऱ्या बाईंनी पोहायला शिकून तलावाची एक लांबी पार करणं हे मुरलेल्या धावपटूच्या अर्धमॅरेथॉनपेक्षा जास्त देणग्या खेचू शकतं.

मागायचं कसं, तेही जवळून बघा. गटाच्या ग्रुपवर संदेश टाकला जातो, "आमच्या उपक्रमाला सढळ हाताने मदत करावी ही नम्र विनंती." चाळीस जण हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि देणगी एकही येत नाही. त्याऐवजी थेट लिहा, "मावशी, २१ तारखेला मी दहा किलोमीटर चालतेय, तुला माझे गुडघे माहीतच आहेत. त्यातले दोन किलोमीटर तुझ्या नावावर लावू? एका किलोमीटरचा आकडा खाली दिलाय." ताकाला जाऊन भांडं लपवण्याची आपल्याला भारी सवय. निधी उभारताना ती सर्वांत महागात पडते.

एक तांत्रिक सूचना. "दर किलोमीटरमागे इतके" अशी कबुली घेतलीत तर मोहीम संपल्यावर वसुली करत फिरावं लागतं आणि त्यात गळती होतेच. ठोक रक्कम आधीच घ्या.

या वाटेचे तोटेही आहेत. नाव नोंदवलेल्यांतले बरेच जण स्वतःची देणगी टाकून गप्प बसतात. तेच नातेवाईक, तेच मित्र, दरवर्षी मागितलं की कंटाळतात. आणि दूरच्या डोंगरावर चढाईची महागडी सहल आखून तिच्यासाठी देणग्या मागितल्या की लोकांच्या मनात पाल चुकचुकते, आपण पैसे संस्थेला देतोय की याच्या सुटीला? प्रवासखर्च सहभागीनं स्वतःच्या खिशातून भरलाय, हे पहिल्याच ओळीत सांगावं.

माझा कौल घामाला आहे. कार्यक्रमानं एकाच बाबतीत बाजी मारलेली दिसते: सभागृह आणि कलाकार फुकट मिळत असतील, खर्च एखाद्या प्रायोजकानं आधीच उचलला असेल आणि मोठ्या देणगीदारांना समोरासमोर भेटायचं असेल, तर जरूर करा.

जिन्नस: विकायचे की बोली लावायची

वापरलेल्या वस्तू गोळा करून विकणं सर्वांत सोपं वाटतं. ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेनं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटलं आणि अशा दुकानांची मोठी साखळी त्यातून उभी राहिली. पण कायमचं दुकान वेगळं आणि दोन दिवसांची विक्री वेगळी. दोन दिवसांच्या विक्रीत खरा घाम वर्गवारीत जातो. पिशव्या उघडायच्या, फाटकं-मळकं बाजूला काढायचं, बंद पडलेली यंत्रं ओळखायची, किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. आणि रविवारी संध्याकाळी न खपलेल्या ढिगाचं काय? तो कोण नेणार, हे आधी ठरलेलं नसेल तर अध्यक्षांच्या घरी जातो.

नवीन वस्तू छापून घेऊन विकणं त्याहून जोखमीचं. टी-शर्ट घ्याल तर नेमके कुणालाच न होणाऱ्या मापाचे उरतात. विकायचंच असेल तर डेन्मार्कचे टपाल कर्मचारी आयनार होलबोल यांची युक्ती बघा. १९०४ मध्ये त्यांनी नाताळच्या पत्रांवर तिकिटाशेजारी चिकटवायचं छोटं शोभेचं तिकीट काढलं. त्याचे पैसे क्षयग्रस्त मुलांसाठी जाणार होते. पहिल्याच वर्षी ती लाखोंनी खपली. १९०७ मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल यांनी हीच कल्पना उचलली. त्यांना एका छोट्या रुग्णालयासाठी ३०० डॉलर हवे होते, मिळाले त्याच्या दहापट. तिकिटाला माप नसतं, ते नासत नाही, गोदाम लागत नाही, आणि लोक एरवीही जे करणारच होते त्यालाच ते चिकटतं.

वस्तू मोजक्या पण वेगळ्या असतील, म्हणजे एखादं चित्र, कुणा कारागिराचा दिवसभराचा वेळ, एखाद्या शिक्षकाकडून चार शिकवण्या, तर विक्रीपेक्षा लिलाव बरा. त्यातही मूक लिलाव. प्रत्येक वस्तूपुढे कागद ठेवायचा. वर किमान बोली आणि ती कितीच्या टप्प्यानं वाढवायची ते लिहायचं, खाली नाव आणि आकड्यांसाठी रेघा. लोक हिंडत राहतात, परत येऊन आपल्या नावाखाली कुणी नवं नाव लिहिलंय का ते बघतात. शेवटच्या पाच मिनिटांत दोघे एकाच कागदाभोवती घुटमळायला लागतात, तिथे पैसे होतात. सगळे कागद एकाच वेळी मात्र बंद करू नका. गाजणाऱ्या दोन-तीन वस्तू शेवटी ठेवल्या की हरलेली माणसं तिकडे वळतात. आणि त्या कागदांवर नावं आपोआप जमा होतात, हा तिसऱ्या प्रश्नाला मिळालेला बोनस. सोडत मात्र परस्पर काढू नका. अनेक देशांत ती जुगाराच्या कायद्यात बसते आणि परवाना लागतो.

गंमतीचं आव्हान: एकदाच की दरवर्षी

२०१४ च्या उन्हाळ्यात लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या आणि एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे काही आठवड्यांत सुमारे ११ कोटी ५० लाख डॉलर आले. त्या पैशांतून झालेल्या संशोधनात २०१६ मध्ये आजाराशी संबंधित एक जनुकही सापडलं. पण पुढच्या ऑगस्टमध्ये तेच पुन्हा केल्यावर त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं जमलं नाही. नव्याचे नऊ दिवस. आणि तसं काही मुद्दाम घडवून आणणं कुणाच्या हातात नसतं, हेही खरं.

त्याच्या शेजारी मोव्हेंबर, म्हणजे नोव्हेंबरभर मिशी वाढवण्याची मोहीम, ठेवा. २००३ मध्ये मेलबर्नला ३० जणांनी मिशा वाढवल्या, तेव्हा पैसे गोळा करायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुरुषांच्या आरोग्यासाठी देणग्या मागणं दुसऱ्या वर्षी सुरू झालं आणि आता ती जगभर पसरलेली मोहीम आहे. बादली दहा सेकंदांत रिकामी होते. मिशी महिनाभर तोंडावर राहते, रोज कुणीतरी विचारतं, "हे काय?" आणि मागायला रोज नवं निमित्त मिळतं. शिवाय महिना ठरलेला. छोट्या गटानं गंमत करायचीच असेल तर लांबणारी आणि पंचांगात जागा असलेली निवडावी.

ऑनलाइन पान आणि जोडदेणगी

या दोन्ही स्वतंत्र वाटा नाहीत, वरच्या कुठल्याही वाटेला जोडायच्या गोष्टी आहेत. पान म्हणजे गल्ला. तो ठेवला म्हणून कुणी येत नाही. रिकामं पान तर उलट काम करतं, पहिलं कोण टाकणार म्हणून सगळे थबकतात. जाहीर करण्याआधीच जवळच्या दहा-बारा जणांकडून लक्ष्याचा निदान चौथा हिस्सा भरून घ्या.

देणाऱ्याचं नाव दिसू द्या, रक्कम कितीही लहान असो. ही युक्ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रत्येक देणगीदाराचं नाव छापण्याचं वचन दिलं. पाचेक महिन्यांत एक लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाखावर डॉलर दिले, बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी.

जोडदेणगी म्हणजे तुम्ही जितके द्याल तितकेच एखादा मोठा देणगीदार वर घालणार. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० हजारांवर जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवली होती. जोडदेणगीचा उल्लेख असलेल्या पत्रांमागे सरासरी १९ टक्के जास्त पैसे आले. एकास दोन किंवा एकास तीन असं आमिष वाढवून मात्र एकास एकपेक्षा काही जास्त मिळालं नाही. तेव्हा कुणी मोठी रक्कम देऊ केली तर ती एकास तीनमध्ये झटपट संपवू नका. एकास एक ठेवा, तिप्पट लोकांपर्यंत पुरेल.

मग तुम्ही काय निवडाल

गट दहा-वीस जणांचा, गंगाजळी शून्य, हाताशी दोन महिने: घामाची वाट, ऑनलाइन पान आणि जमल्यास एकास एक जोडदेणगी. गटात कलाकार-कारागीर बरेच आणि मागायला सगळेच लाजरे: मूक लिलाव, कारण तिथे कागदच मागतो. वेळ असलेली निवृत्त मंडळी आणि फुकटची जागा हाताशी असेल तर वापरलेल्या वस्तूंची विक्री, पण उरलेला ढीग उचलणारा आधी नक्की करून. जलसा तिसऱ्या-चौथ्या वर्षी, यादीत बोलावण्याजोगी दोनशे नावं झाल्यावर.

कुठलीही वाट घेतलीत तरी एक काम आधीच कुणाच्या तरी गळ्यात घाला: देणगी आल्यापासून दोन दिवसांत प्रत्येकाला नावानिशी आभाराचा संदेश, आणि महिनाभरानं त्या पैशांचं काय झालं ते सांगणारा दुसरा. या दुसऱ्या संदेशात काही मागायचं नाही.