अकेशिया कोणत्या कायद्याने अडवायचा?

गोव्यातल्या डिचोलीकडच्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया दिसतो. कानासारख्या पिळदार शेंगा, त्यातून लोंबणारे केशरी धागे आणि खाली लवकर न कुजणाऱ्या पानांची गादी. असं झाड जंगलात लावायला कोणता कायदा आडवा येतो? दोन आहेत, पण दोघांचे प्रश्न वेगळे.

१९८० चा वन संवर्धन कायदा झाडाची जात विचारत नाही, जागेचा वापर विचारतो. वनजमिनीवर चहा, कॉफी, रबर, मसाले किंवा बागायती पिकं घ्यायची तर आधी केंद्राची मंजुरी लागते. पुनर्वनीकरणाला ती अट नाही, आणि परदेशी झाडं याच दारातून आत येतात. मात्र १९८८ च्या दुरुस्तीची एक बाजू मला फार मोलाची वाटते: आपसूक वाढलेली माट्टी-किंदळासारखी इथली मूळची झाडं तोडून तिथे नवी लागवड करायची, तर त्यालाही मंजुरी हवी. म्हणजे अकेशिया थेट अडत नाही, पण त्याच्यासाठी रान साफ करणं अडतं.

वन्यजीव कायद्यातलं २०२२ चं कलम ६२अ थेट जातीवर बोट ठेवतं. भारताबाहेरची आणि वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोकादायक अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं, प्रसार यांवर केंद्र बंदी घालू शकतं. ‘शकतं’ हा शब्द महत्त्वाचा: केंद्राने तसं जाहीर केलं तरच बंदी लागते.

काजूही ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी आणलेला. पण फेणीवाल्या गोव्यात त्याला उपरा म्हणायची कुणाची छाती आहे? म्हादई नदीच्या रानासाठी मला तरी आज १९८० चाच कायदा जास्त कामाचा वाटतो.